भीतीची दवंडी

१९९३ साली मी सातवीत होतो. सातपूर कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीने कामाला जात. त्या वर्षी आमच्या इमारतीत केबल आली आणि केबलबरोबर रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला. कार्यक्रम रात्री असे आणि तो बघायची आम्हा मुलांना परवानगी नव्हती. त्याची झलक मात्र दिवसभरात कधीही लागे आणि तिच्यावर कोणाची बंदी चालत नसे. जेवायला बसलं की अचानक एखादं दार करकरायचं, पांढरं काहीतरी सरकायचं, किंकाळी यायची आणि लगेच साबणाची जाहिरात सुरू व्हायची. पुढे मोठेपणी गप्पांत कळलं की, आमच्यापैकी कोणीच तेव्हा एकही भाग पुरता पाहिलेला नव्हता. तरीही त्यातलं भूत कसं दिसतं हे आम्हा प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षी वडिलांची आत्या पेठ तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे कायमची राहायला आली. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. वडील दुसऱ्या पाळीला असले की ते घरी येईपर्यंत तिचा डोळा लागत नसे. मध्यरात्रीपर्यंत ती गॅलरीत उभी असे. अंगावर पांढरं पातळ आणि डोक्यावर सुटे पांढरे केस. आठवड्याभरात कॉलनीतल्या मुलांनी तिचं नाव ‘हडळ’ ठेवलं. एकदा ते नाव मीही घेतलं आणि तिने ते ऐकलं.

या लेखाचा विषय भयपटांचे ट्रेलर हा आहे. तो मला का घ्यावासा वाटला हे वाचकांना आधी सांगायला हवं, म्हणून ही हकिकत. न पाहिलेल्या चित्रातलं भूत ओळखीचं कसं होतं? आणि ते आपल्या शेजारच्या माणसात दिसायला कसं लागतं? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना मी चित्रपटाच्या प्रकारसिद्धान्तापर्यंत पोहोचलो आणि तिथून परत नाशिकलाच आलो.

दोन मैल लांबीचं चित्र

सातपूर त्र्यंबक रस्त्यावर आहे. याच रस्त्याने वीसेक किलोमीटर पुढे त्र्यंबकेश्वर लागतं. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म तिथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि चित्रनिर्मिती नाशिकला हलवली. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी जाहिरात पुढे प्रसिद्धीला आली, तिच्यात फाळक्यांनी लोकांना काय सांगितलं होतं? ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि दर फक्त तीन आणे. नाटक पाच-सहा तास चालायचं, त्यापुढे हा खेळ फार आखूड वाटत होता. म्हणून त्यांनी लांबी सांगितली, आकडा सांगितला, किंमत सांगितली. चित्र कोणत्या जातीचं आहे, ते पाहून हसू येईल की रडू, याबद्दल त्या जाहिरातीत अक्षरही नाही. कारण चित्रपटांचे प्रकार तेव्हा आपल्याकडे तयारच झालेले नव्हते. हरिश्चंद्राची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. अनोळखी होतं ते यंत्र, आणि म्हणून जाहिरात यंत्राची झाली.

योगायोग असा की, अमेरिकेत ट्रेलरचा आरंभही १९१३चाच सांगतात. मार्कस लो यांच्या नाट्यगृहांची जाहिरात पाहणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीत नाटकाच्या तालमींची छोटी फिल्म करून ती सिनेमागृहात दाखवली. असे तुकडे सुरुवातीला मुख्य चित्र संपल्यावर, त्याच्या शेपटीला जोडून दाखवत. ‘ट्रेलर’ म्हणजे मागून फरफटत येणारा. चित्र संपलं की लोक उठून जात, म्हणून हे तुकडे पुढे आणले गेले, नाव मात्र मागचंच राहिलं. १९१९मध्ये नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी निघाली आणि ट्रेलर बनवणं हा वेगळा धंदा झाला.

खेळाआधी खेळाची भूक लावायची, ही कल्पना आपल्याला काही नवी नव्हती. संस्कृत नाटकात सूत्रधार नांदीनंतर कवीची आणि कृतीची वाखाणणी करून प्रेक्षकांचं मन वळवतो. त्या अंगाला शास्त्रात ‘प्ररोचना’ असं नाव आहे, म्हणजे रुची उत्पन्न करणं. तमाशात वगाआधी गण, गवळण, बतावणी असते. गावात दवंडी पिटली जायची, नंतर टांग्यावर आणि रिक्षावर कर्णा लावून सिनेमाचा पुकारा व्हायचा. खुद्द फाळक्यांच्या १९१९च्या ‘कालिया मर्दन’चा आरंभही पाहण्यासारखा आहे. त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी आधी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. गोष्ट सुरू होण्याआधी त्यांनी प्रेक्षकाला सांगून ठेवलं की, पुढे असे असे भाव तुमच्यापुढे येणार आहेत. मला ती चित्रपटातच घातलेली प्ररोचना वाटते.

गेज आणि करार

मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. आमच्याकडे ‘गो-नो-गो’ गेज असतं. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. भाग पास की नापास हे एका क्षणात ठरतं. चित्रपटाचे प्रकारही असेच ठरत असावेत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. भूत असेल तर भयपट, नसेल तर नाही.

रिक ऑल्टमन या अभ्यासकाने १९८४च्या एका निबंधात ही समजूत मोडून काढली. त्याचं म्हणणं असं की, चित्रपटप्रकाराकडे दोन अंगांनी पाहावं लागतं. एक अंग शब्दसंग्रहाचं. वाडा, विहीर, कंदील, पैंजण, पांढरी साडी हे भयपटाचे शब्द. दुसरं अंग वाक्यरचनेचं. त्या शब्दांची जोडणी कशी केली आहे, अन्याय कोणावर झाला, सूड कोणावर उगवतो आणि शेवटी घडी कोण बसवतं. शब्द तेच ठेवून वाक्य बदललं की प्रकार बदलतो. स्टीव्ह नील याने त्यात भर घातली की, प्रकार म्हणजे प्रेक्षक, निर्माते आणि प्रसिद्धी करणारे यांच्यामधल्या अपेक्षांची व्यवस्था आहे. दर वेळी थोडी पुनरावृत्ती आणि थोडा फरक, या दोन्हींवर ती चालते.

ट्रेलर या सिद्धान्तात फार महत्त्वाच्या जागी येतो. दोन-अडीच मिनिटांत वाक्यरचना मांडायला वेळच नसतो. त्यामुळे ट्रेलर शब्दांवर भागवतो आणि वाक्य प्रेक्षकाने आपल्या अनुभवातून पुरं करावं, असं गृहीत धरतो. अमेरिकी ट्रेलरांचा अभ्यास करणाऱ्या लिसा कर्नन यांनी २००४च्या आपल्या पुस्तकात ट्रेलरच्या आर्जवाचे तीन आधार सांगितले आहेत: प्रकार, कथा आणि नटनटी. भयपटात बहुधा मोठे नट नसतात आणि कथा फोडून चालत नाही. मग सगळा भार प्रकारावर येतो. म्हणून भयपटाचा ट्रेलर हा प्रकारसिद्धान्ताचा सर्वांत उघडा नमुना असतो.

याचा पुरावा २००५मध्ये रॉबर्ट रायंग या संकलकाने गंमत म्हणून दिला. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ या १९८०च्या भयपटातली दृश्यं घेऊन त्याने एका प्रेमळ कौटुंबिक चित्रपटाचा ट्रेलर बनवला. दृश्यं मूळ चित्रातलीच, पण निवड, क्रम, निवेदन आणि संगीत वेगळं. बायकोमुलाच्या जिवावर उठणारा बाप त्यात कुटुंबवत्सल दिसू लागला. याच चित्राचा मूळ ट्रेलर म्हणजे लिफ्टच्या बंद दारांचं एकच स्थिर दृश्य. मग दारातून रक्ताचा लोंढा येतो. त्यात माणूस नाही, संवाद नाही, गोष्ट नाही. १९६०च्या ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक सहा मिनिटांहून अधिक वेळ स्वतः प्रेक्षकाला घर आणि मोटेल हिंडवून दाखवतो आणि प्रत्येक खोलीशी वाक्य अर्धवट सोडतो. नोएल कॅरल या तत्त्वज्ञाने १९९०मध्ये भयकथेचा गाभा ‘कुतूहल’ आहे असं मांडलं. जे आपल्या ज्ञात वर्गांत बसत नाही, त्याची किळस येते आणि तेच आपल्याला पाहायचंही असतं. ट्रेलर हे कुतूहल जागं करतो आणि ते शमवण्याचं तिकीट विकतो.

नाशिकच्या कलेक्टरची भुतं

‘ज्ञात वर्गांत न बसणारं’ हे कॅरलचं सूत्र वाचताना मी थबकलो. आपली भुतं तर वर्गांत चपखल बसलेली असतात. मराठी माणूस नुसतं ‘भूत’ म्हणत नाही. मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, लावसट, गिऱ्हा, देवचार, झोटिंग अशी त्याच्याकडे पूर्ण यादी आहे. ही यादी इंग्रजीत छापली गेली, त्या प्रकरणाशी नाशिकचा संबंध आहे.

ए. एम. टी. जॅक्सन हे नाशिकचे कलेक्टर. संस्कृतचे जाणकार आणि लोकसमजुतींचे संग्राहक. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरं मागवून जमवलेली सामग्री त्यांच्यापाशी होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्यात फाशी झाली. हा इतिहास नाशिककरांना पाठ आहे. त्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, जॅक्सन यांच्या कागदांवरून आर. ई. एन्थोवेन यांनी लोकसमजुतींच्या टिपणांचे दोन खंड संपादित केले, गुजरातचा १९१४मध्ये आणि कोकणचा १९१५मध्ये. कोकणच्या खंडात भुतांची ही वर्गवारी आहे.

ती वाचताना लक्षात येतं की, त्या काळी भुताची जात माणसाच्या जातीवरून आणि मरणाच्या वेळेवरून ठरत होती. मुंजीनंतर सोडमुंजीआधी गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. विधवा लावसट होते. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. परधर्मीयाचा खवीस होतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, मागणी ठरलेली, उतारा ठरलेला. ऑल्टमनच्या भाषेत सांगायचं तर इथे शब्द आणि वाक्य दोन्ही आधीच ठरलेले होते. जिवंतपणी ज्यांना समाजाने कडेला ठेवलं, अपुरं ठेवलं, त्यांचीच मेल्यावर भुतं झाली. मुंजा अपुरा, हडळ अपुरी, लावसट तर जगतानाच अपुरी मानलेली. हा आपला देशी प्रकारसिद्धान्त आणि त्याची मुळं भीतीइतकीच अपराधी जाणिवेतही आहेत. जिला आपण वागवलं नाही, ती परत येईल, ही ती जाणीव.

भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचा रंग काळा आणि दैवत काल सांगितलं आहे. भय हा भाव मात्र त्याने स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रं यांच्याकडे दिला. म्हणजे घाबरायचं कोणी, हे शास्त्राने सांगितलं. घाबरवायचं कोणी, हे लोकांच्या यादीने सांगितलं. आणि दोन्हीकडे बाई आहेच.

फक्त तेवढाच प्रसंग

हिंदी पडद्यावर बराच काळ भूत खरं नसे. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) या तिन्ही चित्रांत धुकं, वाडा आणि गाणारी आकृती आहे, आणि तिन्हींत शेवटी माणसाचाच हात निघतो. त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७०च्या ग्रंथात म्हटलं आहे की, अद्भुताचा जीव संशयात असतो. हे खरं की भास, असा वाचक घुटमळतो तोवरच ते टिकतं. या चित्रांनी ते घुटमळणं शेवटपर्यंत ताणलं आणि मग बुद्धीच्या बाजूने निकाल दिला. नव्या प्रजासत्ताकाला शोभेल असा तो निकाल होता.

रामसे बंधूंनी हा निकाल फिरवला, आणि त्याचं कारण ट्रेलरच्या तर्काशी जुळतं. त्यांच्या वडिलांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करायला जातात, तेवढा एक प्रसंग पाहायला लोक येत आणि तो झाला की उठून जात, हे या भावांनी चित्रगृहात बसून पाहिलं. मग त्या एका प्रसंगाचाच आख्खा चित्रपट का करू नये? सगळं कुटुंब आणि मोजकी माणसं घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) करून आले. कोणी दिग्दर्शन पाहिलं, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी संकलन. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) आले. भूत आता खरं झालं. ते माणसाने रचलेलं नाटक राहिलं नाही, त्यामुळे ते बुद्धीने उलगडता येत नव्हतं. त्रिशूळच लागे.

एका प्रसंगासाठी चित्र पाहणारा प्रेक्षक म्हणजे ट्रेलरचाच प्रेक्षक. म्हणून रामसेंची चित्रं ट्रेलरमध्ये पूर्ण मावत. दार, हात, दात, किंकाळी. लहान शहरांत आणि औद्योगिक वस्त्यांत ती चालत. आमच्या वडिलांच्या खात्यातली माणसं रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सुटल्यावर स्वस्त खेळाला जात, असं वडील सांगत. चित्रगृहात दाखवायच्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मोठ्यांच्या चित्राचा जहाल भाग निदान तिथे तरी गाळला जाई. दूरचित्रवाणी आणि केबल आल्यावर ही झलक थेट स्वयंपाकघरात आली. तिकीट नाही, दारावरचा माणूस नाही, वयाची अट नाही. १९९३मध्ये आमच्या घरात जे घडलं ते या बदलाचंच एक रूप होतं.

१९९३

ते वर्ष मराठी भयपटाच्या इतिहासात वेगळं काढून ठेवावं असं आहे. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या चित्रातली बाहुलीत शिरलेल्या खुन्याची कल्पना घेऊन त्यांनी तात्या विंचू उभा केला, आणि रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्याला जिवंत केलं. शब्द सगळे भयाचे होते, वाक्य मात्र लक्ष्मीकांत बेर्डे यांचं. बाहुला भीती घालतो आणि लक्ष्या घाबरून हसवतो. मराठीने भय पचवलं ते हसण्यात बुडवून. २००४चा ‘पछाडलेला’ याच वाटेने गेला. यात कमीपणा मानायचं कारण नाही. भरतानेच हास्याला शुभ्र आणि भयानकाला कृष्ण म्हटलं आहे. दोन टोकांचे रंग शेजारी ठेवले की दोन्ही उठून दिसतात. बतावणीत वाढलेल्या प्रेक्षकाला हा करार लगेच समजला.

त्याच १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे या मुलाला त्याच्या मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली. ती एका आजीची कथा होती. मुलगा घरात एकटा आहे आणि आत खाटेवर आजी आहे. त्या रात्रीच्या भीतीतून पंचवीस वर्षांनी ‘तुंबाड’ निघाला, हे बर्वे यांनी स्वतः सांगितलं आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं.

एकाच वर्षी तीन ठिकाणी मुलं घाबरत होती. एक जंगलात आजीच्या गोष्टीला, बाकी महाराष्ट्रात बाहुल्याला, आणि सातपूरला आम्ही गॅलरीतल्या म्हातारीला.

आवाज बंद करून

गेल्या काही वर्षांत भयपटांचे ट्रेलर पाहताना मी एक साधी रीत ठेवली आहे. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहायचा, मग चित्र झाकून नुसता ऐकायचा. हळूहळू ध्यानात येतं की, प्रकार बहुतेक वेळा कानांनी ठरतो. आधी संथ घरगुती आवाज, मग बाळगाणं किंवा मुलांचं कुजबुजणं, मग पूर्ण शांतता आणि नेमक्या त्या शांततेनंतर दणका. नाव झळकून गेल्यावर, आता संपलं असं वाटताना, आणखी एक दणका. डोळे जी माणसं पाहतात ती साधीच असतात. कान त्यांना भूत करतात.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’चा (२०१७) ट्रेलर मी असाच आईबरोबर पाहिला, आवाज बंद करून. चित्राची गोष्ट वाचकांना आठवत असेल. दिवस भरत आलेली नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात लपायला येते, आणि त्या घराच्या पोटात मारलेल्या मुलींचा इतिहास असतो. पूजा सावंत यांची नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती बघत राहिली आणि म्हणाली, “भुताचं कुठंय रे हे? या पोरीला बाहेर का जाऊ देत नाहीत?”

चित्रपटाचा सगळा प्रश्न तिने एका वाक्यात सांगितला. रॉबिन वूड यांनी १९७९मध्ये भयपटाचं सूत्र मांडलं होतं की, नेहमीच्या जगण्यावर राक्षसाचं सावट येतं. ‘लपाछपी’त हे सूत्र उलटं आहे. नेहमीचं जगणंच, म्हणजे वंशाचा दिवा हवा असलेलं घर, हाच राक्षस आहे. शब्द जुनेच वापरले, वाक्य नवं केलं. याच दिग्दर्शकाने २०२१मध्ये त्याचं हिंदी रूप ‘छोरी’ केलं, तेव्हाही ऊस सोडला नाही. वाड्याइतकाच उसाचा फडही आता भयाचा शब्द झाला. साखरेच्या महाराष्ट्राने तो घडवला.

‘तुंबाड’ची कथा वेगळी. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो लागला तेव्हा त्याला काय म्हणावं हेच लोकांना कळेना. भयपट म्हणावा तर दणके कमी. पुराण म्हणावं तर हस्तर नावाचा देव कोणत्याच पुराणात नाही. काळ १९१८पासून १९४७पर्यंतचा, पाऊस न थांबणारा, आणि भीतीच्या मुळाशी सोन्याच्या नाण्यांचा लोभ. चित्र वाखाणलं गेलं पण गर्दी बेताची झाली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तेच चित्र पुन्हा लावलं तेव्हा त्याने मूळच्यापेक्षा जास्त कमाई केली. मधल्या सहा वर्षांत त्याची एक चौकटही बदललेली नव्हती. बदलली ती प्रेक्षकांची अपेक्षा. लोकांनी ते घरी पाहिलं, एकमेकांना सांगितलं, आणि ‘तुंबाडसारखं’ असा शब्दच तयार झाला. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचं क्षितिज म्हणतो, ते असं सरकतं. नव्या प्रकारातली पहिली कृती बऱ्याचदा आपल्या प्रेक्षकाच्या आधी येऊन थांबलेली असते.

त्याच २०२४ साली, जूनमध्ये, आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला. एन्थोवेनच्या यादीतला मुंजा देशभरच्या पडद्यांवर पोहोचला. मराठी प्रेक्षकाला नुसतं नाव पुरे होतं. पिंपळ, मुंज, अपुरं राहिलेलं लग्न हे सगळं त्या दोन अक्षरांत होतं. बाकीच्या देशाला मात्र ते समजावून सांगावं लागणार होतं. ज्याला आपण लहानपणापासून ‘शब्द’ म्हणून ओळखतो, तो दुसऱ्यासाठी अख्खी ‘गोष्ट’ असतो, हे इतक्या स्वच्छपणे मी आधी पाहिलं नव्हतं.

नाव ठेवणं

आता शेवटचं. ‘लपाछपी’चा ट्रेलर पाहून झाल्यावर आईने फोन बाजूला ठेवला आणि आत्याआजीची गोष्ट सांगितली. ती मी चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा ऐकली. गावात एका पावसाळ्यात एका घरातली दोन मुलं लागोपाठ तापाने गेली. एकटी विधवा, रात्रीची अंगणात दिसते, तिची नजर वाईट, असं लोक बोलू लागले. कोणीतरी दारात लिंबू टाकलं. मग पाणवठ्यावर बायका बोलेनाशा झाल्या. वडिलांनी जाऊन तिला सातपूरला आणलं ते याच्यामुळे. मी तिला हडळ म्हणालो त्या रात्री ती आईला एवढंच म्हणाली होती, “तिथं पण हेच म्हणायचे गं.”

महाराष्ट्रात २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर तो कायदा आला. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेणं, तिला सैतान ठरवणं हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना छळण्याची प्रथा ज्यांना माहीत आहे, त्यांना या कलमांची गरज समजावून सांगावी लागत नाही.

भयपटांवर खापर फोडावं असं मला म्हणायचं नाही. आत्याआजीच्या गावात १९९३पर्यंत वीजही धड नव्हती. तिला नाव ठेवायला तिथे कोणत्याही ट्रेलरची गरज पडली नाही, जुनी यादी पुरली. सातपूरच्या आम्हा मुलांकडे ती यादी नव्हती, ती आम्हाला किंकाळी आणि साबणाच्या जाहिरातीच्या मध्ये मिळाली. दोन्हीकडे झालं तेच. पांढरं पातळ, सुटे केस आणि रात्र हे तीन शब्द दिसले आणि उरलेलं वाक्य आम्ही पुरं केलं. प्रकारसिद्धान्त मला इथे कामाला आला. तो सांगतो की शब्द आणि वाक्य वेगळे असतात, आणि त्यांची जोडणी प्रत्येक वेळी कोणीतरी करत असतं. ते कोणीतरी आपणच असू शकतो.

पुढे मी कारखान्यात लागलो आणि माझी पहिली दुसरी पाळी सुटली, तेव्हा मी मध्यरात्री घरी आलो. आत्याआजी त्याआधीच गेली होती. गॅलरीत कोणी नव्हतं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की, ती तिथे कशासाठी उभी राहत होती. खालून येणाऱ्याला वर कोणीतरी जागं आहे, हे दिसावं म्हणून.